दहा महिने, दोन रिमोट फ्रीलान्सर आणि पतपेढीचं सॉफ्टवेअर: वापरानंतरचा अनुभव

परळमधल्या एका पतपेढीचं दैनंदिन ठेव आणि कर्जाचं सॉफ्टवेअर गेले दहा महिने फ्रीलान्सर सांभाळताहेत. एक नाशिकला बसतो, दुसरा नवव्या महिन्यापर्यंत इंदूरहून काम करत होता. दोघांपैकी कुणीही कार्यालयाची पायरी चढलेलं नाही. सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस, काउंटरवर वेब आणि रोजची ठेव दारोदार गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांच्या हातात अँड्रॉइड ॲप. संचालक मंडळाने पहिल्याच बैठकीत विचारलं की सभासदांच्या पैशांची माहिती अनोळखी माणसाच्या हाती कशी द्यायची. दहा महिन्यांनी उत्तर ठाम आहे: द्यायचीच नाही. फ्रीलान्सरला कोड लागतो. खरा डेटा लागत नाही, लाइव्ह सर्व्हर तर मुळीच लागत नाही. जिथे जिथे ही गाठ ढिली पडली, तिथेच त्रास झाला.

सुरुवातीचे तीन आठवडे निव्वळ चाचणीचा डेटा बनवण्यात गेले आणि ते सत्कारणी लागले. लाइव्ह बॅकअप घ्यायचा आणि नावं बदलायची, हा रस्ता सोपा वाटतो पण फसवा आहे. नाव बदललं तरी रक्कम, तारीख, जामीनदार आणि गाळ्याचा पत्ता एकत्र दिसला, की लालबागचा कोणताही एजंट खातेदार ओळखतो. म्हणून रकमा आणि तारखाही बदलल्या, जामीनदारांच्या जोड्या नव्याने लावल्या. मात्र ‘टेस्ट युजर 1’ असली नावं भरूनही भागत नाही. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबाने तो 10 चिन्हांचा आणि यूटीएफ-8 मध्ये 30 बाइट्सचा आहे. रोमन नावांवर झकास चाललेली पासबुक छपाई इथे रकान्याबाहेर जाते, नाहीतर जोडाक्षर मधोमध तोडते. तशीच 31 ऑगस्टला ठेवलेली सहा महिन्यांची मुदत ठेव, 29 फेब्रुवारीला उघडलेलं खातं, संयुक्त खातं, मयत खातेदाराचे वारस: ही सगळी मंडळी चाचणीच्या डेटात मुद्दाम बसवावी लागतात. असा डेटा असला की ‘खरा डेटा दिल्याशिवाय चूक सापडत नाही’ ही मागणी आपोआप कमी होते.

एसएमएसकडे वेगळं लक्ष द्या. मेसेज पाठवणाऱ्या सेवेची (गेटवेची) लाइव्ह की चाचणीच्या सर्व्हरवर राहिली आणि टेबलात एखादा खरा मोबाइल नंबर उरला, तर रात्री अकराला कुणा दुकानदाराला ₹50,000 नावे पडल्याचा मेसेज जातो. डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक मेसेजच्या नोंदणी व्यवस्थेवर, नोंदवलेलं हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) अस्सलच असतं, त्यामुळे त्याला शंका घ्यायला जागाच नसते. आता चाचणीचा सर्व्हर फक्त कार्यालयातल्या तीन मोबाइलवर मेसेज पाठवू शकतो. ही यादी फ्रीलान्सरच्या कोडमध्ये नाही, मधल्या एका छोट्या सर्व्हिसमध्ये आहे, आणि तिला हात लावायचा अधिकार फक्त कोड तपासणाऱ्या, कार्यालयातल्या माणसाला आहे.

सगळ्यात मोठी कसोटी ‘दहा मिनिटं ॲक्सेस द्या, लगेच सोडवतो’ या वाक्याची. किर्द बंद होत नाही, एजंट खोळंबलेत, व्यवस्थापक डोक्यावर उभे आहेत, अशा वेळी काउंटरच्या कॉम्प्युटरवर तो दुरून चालवू देणारं एनीडेस्कसारखं ॲप सुरू करून दिलं जातं. काम होतं, पण कुणी समोर नसतानाही जोडता येणारा पासवर्ड त्या कॉम्प्युटरवर तसाच राहतो. आता अशा वेळी फ्रीलान्सरला लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने केलेल्या कामाची नोंद, मिळतो, ज्यात खाते क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे असतात आणि नाव, मोबाइल, पॅन नसतातच. लॉग असा झाकलेला असला की त्याने तो एखाद्या एआय चॅटमध्ये चिकटवला तरी सभासदाचं काही बाहेर जात नाही. डेटाबेसवर क्वेरी (माहिती काढायची आज्ञा) चालवायचीच असेल तर तो लिहून पाठवतो, कार्यालयातला माणूस वाचतो आणि चालवतो. दहा महिन्यांत दोनदाच डेटाबेसचा तात्पुरता युजर द्यावा लागला. तिथे एक खाचखळगा लक्षात ठेवा: पोस्टग्रेसमध्ये ‘व्हॅलिड अंटिल’ लावलं की ती मुदत पासवर्डची असते. आधी उघडलेलं सेशन मुदत टळल्यावरही चालू राहतं; ते वेगळं तोडावं लागतं आणि युजरचं लॉगिनही बंद करावं लागतं.

पैशांचं गणित हा या सॉफ्टवेअरचा गाभा, म्हणून इथे जरा थांबतो. ₹12,345 शिल्लक, व्याज सालाना 6 टक्के. एका दिवसाचं व्याज ₹2.0293. रोज पैशांत गोल केलं तर ₹2.03, म्हणजे 30 दिवसांचे ₹60.90. महिनाअखेर एकदाच गोल केलं तर ₹60.88. फरक दोन पैशांचा. पण खातेनिहाय यादी पहिल्या पद्धतीने आणि मुख्य खतावणीतली तरतूद दुसऱ्या पद्धतीने निघाली, की दोन्ही बेरजा जुळत नाहीत आणि हिशेबनीस रात्रभर चूक शोधत बसतात. त्यात रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवली असेल तर आणखी घोळ: जावास्क्रिप्टमध्ये 1.005 ला 100 ने गुणलं की 100.5 ऐवजी 100.49999999999999 येतं, आणि गोल करताना एक पैसा गळतो. म्हणून शिल्लक पूर्णांकात, पैशांमध्ये, व्याज न्यूमेरिक या अचूक दशांशाच्या प्रकारात, गोल करणं एकाच फंक्शनमध्ये आणि एकदाच. उरलेला फरक ‘पूर्णांकन फरक’ नावाच्या वेगळ्या खात्यात पडतो आणि रोजच्या तेरजेत (ट्रायल बॅलन्समध्ये) दिसतो. कुणाला चोरी करायचीच असेल तर ती याच फटीतून होते: हजारो खात्यांचे सुटे पैसे गुपचूप एका खात्यात. व्याजाच्या आणि पूर्णांकनाच्या फाइली म्हणूनच कार्यालयातल्या माणसाच्या मंजुरीशिवाय कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधल्या मुख्य शाखेत जातच नाहीत.

याला जोड म्हणून हिशेबनीसांनी 60 खाती हाताने सोडवून दिली: वेगवेगळ्या योजना, मुदतपूर्व मोड, थकीत हप्ते, दंडव्याज. कोडमध्ये काहीही बदललं तरी या 60 खात्यांचं उत्तर पैशापैशाने जुळलंच पाहिजे. या सगळ्या व्यवस्थेतली सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी गोष्ट हीच ठरली. यातली तीन खाती जुन्याच सॉफ्टवेअरची चूक दाखवून गेली.

एजंटांच्या ॲपची सही करण्याची की, म्हणजे कीस्टोअर, फ्रीलान्सरकडे ठेवू नका. ॲपची फाइल (एपीके) व्हॉट्सॲपवरून वाटायची पद्धत असेल आणि की त्याच्याकडेच राहिली, तर तो गेल्यावर जुन्या ॲपवर अपडेट बसत नाही. ॲप काढून नवं टाकावं लागतं, आणि सर्व्हरवर न पोचलेल्या वसुलीच्या नोंदी त्यात पुसल्या जातात. कोडपासून ॲप तयार करण्याचं काम, म्हणजे बिल्डही, कार्यालयातच करा, त्याने पाठवलेली तयार फाइल घेऊ नका. मार्च 2024 मध्ये एक्सझेड युटिल्स या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरवाट सापडली. ती घालणाऱ्याने आधी दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करून विश्वास कमावला होता. घातक भाग चाचणीच्या फाइलींत दडवला होता आणि तो चालू करणारी कळ फक्त तयार गठ्ठ्यात होती, गिटमध्ये कोड वाचणाऱ्याला ती दिसत नव्हती. म्हणून चाचणीच्या फाइलीही तितक्याच बारकाईने वाचल्या जातात.

काम परस्पर तिसऱ्याला देणं हा या धंद्यातला नेहमीचा दोष. त्यावर दर पंधरवड्याला 15 मिनिटांचा व्हिडिओ कॉल पुरतो: स्वतः लिहिलेला एक बदल उघडून तो असाच का केला ते सांगायचं. ज्याने लिहिलं नाही तो दुसऱ्या प्रश्नाला अडखळतो.

कराराचं थोडक्यात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नोकराने लिहिलेल्या कोडची मालकी मालकाकडे जाते, फ्रीलान्सरच्या कोडची आपोआप जात नाही. लेखी, सहीचं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. गोपनीयतेचा करार जरूर करा, पण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने सभासदांच्या माहितीची जबाबदारी संस्थेवरच ठेवली आहे, काम बाहेर दिलं तरीही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते आणि लॉग 180 दिवस ठेवायचे असतात. लॉग भाड्याच्या सर्व्हरवर 30 दिवसांनी पुसले जात नाहीत ना, हे आजच तपासा.

उणी बाजूही आहे. कोड तपासायला कार्यालयातल्या माणसाचे आठवड्याला आठ-नऊ तास जातात. जुलैत लोकल बंद पडल्या तेव्हा तो कल्याणला अडकला, नवा कोड सर्व्हरवर चढवायची (डिप्लॉयची) हार्डवेअर की त्याच्याजवळ, आणि कार्यालयातला सर्व्हर अर्धवट अपडेटवर. आता दुसरी की लॉकरमध्ये लिफाफ्यात असते आणि ती वापरायला शिकवलेला दुसरा माणूस चालत येण्याच्या अंतरावर राहतो. असा तपासणारा माणूस पदरी नसेल, तर फ्रीलान्सरच्या फंदात पडू नका, तयार सॉफ्टवेअर घ्या.

इंदूरच्या डेव्हलपरचं काम नवव्या महिन्यात संपलं. त्याच दिवशी गिटहब (कोड ठेवायची जागा), वायरगार्ड (व्हीपीएन), चाचणीचा सर्व्हर आणि एसएमएस पॅनेल बंद करायला 40 मिनिटं लागली, कारण कुणाला काय दिलं याची वही पहिल्या दिवसापासून होती. जुन्या कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलाच्या जुन्या नोंदीत, एक ईमेल पासवर्ड सापडला. नव्या कमिटमध्ये तो खोडून उपयोग नसतो, इतिहासात तो राहतोच. म्हणून पासवर्डच बदलला. राखून ठेवलेले 20 टक्के पैसे वहीतली शेवटची ओळ खोडल्यावर दिले. वहीत नसलेली एकच गोष्ट निघाली: व्हॉट्सॲप ग्रुप, आणि त्यात काउंटरवरून कुणीतरी टाकलेले पासबुकांचे सात फोटो.