मीटरवर १२.४ व्होल्ट दाखवून मला अल्टरनेटर विकला

कॅम्पर व्हॅनची मागची बॅटरी, म्हणजे फ्रिज, दिवे, पंप चालवणारी, दिवसभर गाडी चालवूनही भरत नव्हती. तक्रार एवढीच. त्यावर एका फिटरने मला आधी नवी बॅटरी, मग अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी भरणारा भाग) आणि शेवटी चार्जर म्हणून एक डबा विकला. बॅटरी आणि अल्टरनेटर बदलण्याची गरज असल्याचं त्याने कधी सिद्धच केलं नाही, आणि तो डबा चार्जर नव्हताच.

बॅटरीवर त्याला १२.१ व्होल्ट दिसले आणि त्याने तिला मेलेली ठरवलं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.१ दाखवते तेव्हा ती बहुतांश रिकामी असते, खराब असेलच असं नाही. बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरायची, रात्रभर तशीच ठेवायची, १२.६-१२.७ टिकले तर लोड टाकून तपासायची. यातलं त्याने काहीच केलं नाही.

अल्टरनेटरची लबाडी जास्त सफाईदार होती. इंजिन चालू ठेवून त्याने पुढच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीला मीटर लावला. १२.४! "चौदाच्या वर हवं, अल्टरनेटर गेला." आकडा खरा होता, निदान खोटं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो. पुढची बॅटरी भरली की इंधन वाचवायला गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम व्होल्टेज उतरवतो आणि वेग कमी होताना पुन्हा चढवतो. दोन बॅटऱ्या जोडणारा साधा रिले, म्हणजे व्होल्टेज बघून आपोआप चालू-बंद होणारा स्विच, मात्र साधारण १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ च्या खाली तोडतो. म्हणजे बहुतेक प्रवासभर मागच्या बॅटरीची जोडणी तुटलेलीच. मूळ बिघाड हाच. नव्या अल्टरनेटरनंतरही मीटरवर तोच आकडा आला.

मग तो म्हणाला, डीसी-डीसी चार्जर टाकावा लागेल. हा उपाय अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच ही फसवणूक मला सगळ्यात जास्त झोंबते. योग्य नाव सांगून त्याने भलतीच वस्तू गळ्यात मारली. पुढे दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने मागची बॅटरी थोडी उतरवून, इंजिन चालू ठेवून त्या डब्याच्या दोन्ही बाजू मोजल्या. आत येणारे १२.४, बाहेर जाणारेही १२.४. खरा चार्जर कमी व्होल्टेज घेऊन ते चौदाच्या आसपास वाढवून देतो. दोन्हीकडे सारखाच आकडा, याचा अर्थ आत नुसतं जोडकाम आहे. डबा उघडला तर एक रिले आणि एक हिरवा दिवा. बाहेर स्टिकर "३० अँपिअर".

वायरही ६ चौरस मिलिमीटरची घातली होती. जाऊन-येऊन १० मीटर तांब्याच्या अशा वायरीत ३० अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. इथे याहून जाड वायर हवी होती. १६ ची घातली असती तर ही घट ०.३३ वर आली असती.

पैसे परत मागायला गेलो तर त्याने बिलाकडे बोट दाखवलं. त्यावर फक्त "चार्जिंग सिस्टीम दुरुस्ती" लिहिलेलं आहे. ना चार्जरची कंपनी, ना मॉडेल, ना अँपिअर. जुना अल्टरनेटर आणि जुनी बॅटरी त्याने "एक्सचेंजमध्ये गेली" म्हणून ठेवून घेतली, त्यामुळे त्या चांगल्या होत्या हे दाखवायला माझ्या हातात काही उरलं नाही. तुमच्या गाडीचं असं काम निघालं तर काढलेला प्रत्येक भाग आधी ताब्यात घ्या आणि चार्जरचं मॉडेल बिलावर लिहून झाल्याशिवाय पैसे देऊ नका.