प्लॉटच्या सोसायटीत माझं मत दुसऱ्यानेच टाकलं, वरून ३९,९२० रुपये घेतले

ज्यांचे ले-आऊटमध्ये प्लॉट आहेत आणि सोसायटीचा कारभार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतो, त्यांनी हे पूर्ण वाचावं. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात. तालुक्याच्या गावी आमचा प्लॉट आहे, माझ्या नावावर. ७२ प्लॉटची सहकारी गृहनिर्माण संस्था, नोंदणीकृत. निम्मे प्लॉटधारक नागपूर-पुण्याला, बाकीचे आमच्यासारखे आजूबाजूच्या खेड्यांत. सभेला कधी पंधरा-वीसच्या वर माणसं जमत नाहीत. नेमकं हेच सोसायटीच्या सचिवाने हेरलं.

सचिवाने ग्रुपवर टाकलं की यंदाची सर्वसाधारण सभा ऑनलाइन होईल, मतदान मोबाईलवरच. अमेरिकेतल्या घरमालकांच्या संस्था असंच मतदान करतात म्हणे, त्याचा पोरगा तिकडे असतो. नोंदणी फी ५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. ती मी भरली. कोरोनात सरकारनेच ऑनलाइन सभांना परवानगी दिली होती, तेव्हापासून सगळ्यांना सवय झालेली. त्यामुळे त्यात खटकण्यासारखं तेव्हा काही दिसलं नाही.

सभा २९ सप्टेंबर २०२४, रविवारी. दोन दिवस आधी, शाळेत खिचडी वाटप चालू असताना फोन आला. सचिवाचा भाचा. "मॅडम, तुमची हजेरी लावायची राहिली न. मोबाईलवर एक नंबर आला असन, तेवढा सांगून द्या." पोरं ताटं घेऊन रांगेत उभी, एक जण माझा पदर ओढत होता. मी मेसेज उघडला आणि सहा आकडे वाचून दाखवले. "झालं जी मॅडम," म्हणून त्याने फोन ठेवला.

तो मेसेज अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. इंग्रजीत दोन ओळी. पहिल्या ओळीत ओटीपीचे आकडे, दुसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिलंय की हा ओटीपी सभेसाठी प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने मत टाकणारा माणूस, नेमण्याकरता आहे आणि कोणाला सांगू नये. हजेरीचा त्यात शब्दही नाही. दुसरी ओळ वाचायला किती वेळ लागला असता? हे कितीदा मनात येतं आणि रात्री झोप उडते. पण जे लोक "शिकलेली बाई, तरी कशी फसली" म्हणतात, त्यांनी आमच्या शाळेत एक दिवस काढावा. शिष्यवृत्तीचा फॉर्म, आधार दुरुस्ती, ही पोर्टलं, ती पोर्टलं, दिवसभर आम्हीच पालकांना फोन करून "आलेला नंबर सांगा" म्हणतो. सरकारनेच ही सवय लावली आहे. आणि फोन करणारा काही झारखंडातला अनोळखी चोर नव्हता, सोसायटीचा ओळखीचा पोरगा होता, ज्याच्या बहिणीच्या लग्नात मी जेवून आले होते.

सभेच्या दिवशी लिंक उघडली तर "आपले मतदान झाले आहे" एवढंच आलं. मला वाटलं नेटवर्क. आमच्याकडे पाऊस आला की टॉवर जातोच. तुम्हाला असं दिसलं तर त्याच क्षणी स्क्रीनचा फोटो काढा आणि सचिवाला लेखी विचारा. फोनवर नको, फोनचा पुरावा राहत नाही.

ऑक्टोबरात मागणीची नोटीस आली. अंतर्गत रस्ते, नाली आणि वॉल कंपाउंडसाठी प्रत्येक प्लॉटमागे ३८,००० रुपये, उशीर झाल्यास वर्षाला २१ टक्के व्याज. ७२ प्लॉटचे मिळून २७ लाख ३६ हजार. मी भरणार नव्हते. पण घर बांधायला बँकेचं कर्ज काढायचं होतं आणि सोसायटीचं ना-देय प्रमाणपत्र लागत होतं. दोन महिने अडून बसले, मग व्याज १,३३० धरून सगळे भरले. ५९० आधीचे. एकूण ३९,९२०. माझ्या पगारातले, कोणाच्या बापाचे नाहीत.

रस्ता म्हणजे मुरमाचे चार ट्रक टाकले आणि वरून रोलरही फिरवला नाही. पहिल्याच पावसात चिखल.

खरं काय ते इतिवृत्ताची प्रत मागितली तेव्हा कळलं. सभासद म्हणून कागद मागण्याचा लेखी अर्ज दिल्यावर कुरकुरत दिली. या ३८,००० च्या वसुलीच्या ठरावाच्या बाजूने ४४, विरोधात ५. ४४ पैकी ३१ मतं प्रॉक्सीने, त्यातली २९ एकट्या भाच्याच्या नावे. माझ्या नावासमोर "प्रॉक्सीद्वारे, बाजूने". सोबत जोडलेल्या फॉर्मच्या कोपऱ्यात "एमजीटी-११" छापलेलं. शोधलं तर तो कंपनी कायदा २०१३, कलम १०५ खालचा भागधारकांचा प्रॉक्सी फॉर्म निघाला. सहकारी संस्थेशी त्याचा काडीचा संबंध नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० म्हणतो की सभासदाने मतदान स्वतः करायचं, प्रॉक्सीने नाही. भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) दोघांची नावं असतील तर पहिल्याने, तो हजर नसेल तर दुसऱ्याने. आणि अमेरिकेचं कौतुक सांगणाऱ्या सचिवाने हेही वाचावं: फ्लोरिडात घरमालकाने आधी संमती दिल्याशिवाय त्याचं ऑनलाइन मत घेता येत नाही, तिथली प्रॉक्सी ठरावीक सभेपुरतीच असते आणि देणाऱ्याला ती कधीही रद्द करता येते.

आता तक्रारीचं ऐका. सहकार खात्याच्या तालुका कार्यालयात गेले. बाबू म्हणाले, "ठराव बहुमताने झाला न मॅडम, मग आम्ही काय करावं?" प्रॉक्सी चालत नाही हा नियम दाखवला तर म्हणाले, हा वाद कलम ९१ चा, सहकार न्यायालयात जा. मी म्हटलं, चौकशी तर तुम्ही कलम ८३ खाली करू शकता. त्यावर साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या. सोमवारी साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर. लेखी अर्जाची पोच द्यायलाही शिक्का सापडेना! पोलीस ठाण्यात गेले तर हे दिवाणी प्रकरण. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे तुम्ही स्वतः सोसायटीच्या खात्यात भरले, यात ऑनलाइन चोरी कुठे? माझं नाव वापरून दुसऱ्याने मत टाकलं, ती चोरी नाही? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दलच आहे, ते ठाणेदारांना मी वाचून दाखवायचं का? प्रत्येकाने मला दुसऱ्याच्या दारात पाठवलं आणि प्रत्येकाने शेवटी एकच विचारलं, "ओटीपी तुम्हीच दिला न?" जणू गुन्हेगार मीच. भाच्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही. तो चौकात रोज चहा पितो.

वकिलांनी सांगितलं की दावा होऊ शकतो, पण २९ जणांनी मिळून केला तर जोर येईल. त्यातल्या अकरा जणांना मी शोधून फोन केले. सात जणांना आपलं मत पडलं हे माहीतच नव्हतं. एक आजी तर म्हणाल्या, "माझा मोबाईल नातवाजवळ असते बाई."

सोसायटीचं मतदान असेल तर ओटीपी देऊच नका, कितीही ओळखीचा असो. यादी मागा, कोणाचं मत कोणी टाकलं ती, आणि प्रॉक्सीचा रकाना दिसला की त्याच दिवशी हरकत नोंदवा. सोसायटीने सहकार खात्याच्या रजिस्ट्रारकडे दिलेले कागद माहिती अधिकारात मिळतात, तोंडी कोणी काही सांगत नाही. मागणीचे पैसे नाइलाजाने भरावे लागले तर पावतीवर "हरकतीसह भरले" असं लिहून घ्या. मी लिहून घेतलं नाही, आता सचिव तेच तोंडावर फेकतो.

आता दुसरा हप्ता मागितला आहे, १५,००० रुपये, पथदिव्यांसाठी. मी भरलेला नाही. माझं मत दुसऱ्या कोणी टाकू नये असं पत्र रजिस्टर पोस्टाने सचिवाला पाठवलं, पोचपावती जपून ठेवली आहे. आमच्या ले-आऊटमधले जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी २९ च्या यादीत आपलं नाव आहे का ते माझ्याकडून तपासून घ्यावं. यादीची झेरॉक्स माझ्याजवळ आहे.