कर्ज मार्गदर्शन शिबिरं: नऊ महिने घेऊन पाहिल्यावर

मी लातूरला कर सल्लागार आहे. जीएसटीची रिटर्नं, छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी, बँकेच्या कर्जाच्या फायली, प्रोजेक्ट रिपोर्ट ही रोजची कामं. २०२४ च्या दिवाळीच्या सुमाराला गिऱ्हाइकी पातळ झाली, कारण गल्लोगल्लीचे ऑनलाइन सेंटरवाले तीच रिटर्नं दोन-तीनशेत भरायला लागले. मग एका मित्राच्या नादानं छोट्या धंदेवाल्यांसाठी फुकट कर्ज मार्गदर्शन शिबिरं सुरू केली. जुलैअखेर अकरा झाली. (सीए असतो तर हे करताच आलं नसतं. असं गिऱ्हाईक मागत हिंडणं त्यांच्या नियमात बसत नाही.)

पहिलं शिबिर लातुरातच घेतलं. फ्लेक्सवर ‘३५ टक्के अनुदान’ मोठ्या अक्षरात मीच छापून घेतलं, दुसऱ्या कुणाला दोष नाही. मंगल कार्यालयाचा हॉल, माईक, पोहे-चहा धरून साडेअकरा हजार गेले. माणसं ऐंशीच्या वर आली. मी खूश! पण निम्म्यांचा धंदाच नव्हता. पीएमईजीपीत, म्हणजे नवा उद्योग काढायला कर्जावर अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, ३५ टक्के मिळतात ते ग्रामीण भागातल्या महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष प्रवर्गाला. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला खेड्यात २५, शहरात १५. योजना नव्या उद्योगासाठी, चालू दुकानाला माल भरायला नव्हे. शिवाय ती रक्कम हातात पडत नाही. तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकून राहते, मग कर्जात वळती होते. एवढं सांगून होईपर्यंत मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. “म्हणजे पैसे न्हाईतच की!” म्हणाले आणि पोह्यांच्या टेबलाकडं निघाले. त्यांच्या मागं रांगच लागली. त्या दिवशी फी देणारं गिऱ्हाईक मिळालं एक, तेही हॉलमालकाचा भाचा.

मोठी शिबिरं अजून दोन घेतली. त्यातल्या एका शिबिराला फायनान्स कंपनीचा एक माणूस ‘हॉल आणि नाश्ता आमच्याकडून’ म्हणाला. कंपनीचं नाव घेत नाही. मी आत बोलत होतो आणि तो दारात फॉर्म भरून घेत होता. नंतर प्रोसेसिंग फी कापली गेल्याचे फोन त्याला नाही, मला आले. लोक फ्लेक्सवरचा चेहरा लक्षात ठेवतात. तेव्हापासून चहासुद्धा स्वतःच्या पैशानं.

बदल झाला तो औशाला. एका वेल्डिंगवाल्याच्या शेडमध्ये चौदा माणसं बसली होती, कुणी पत्र्याच्या पेटीवर, कुणी ग्रिलच्या गजांवर. रात्री साडेआठची वेळ, कारण दुकान बंद झाल्याशिवाय दुकानदार येत नाही. मालकाला दहा लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) हवी होती आणि बँकेनं दोनदा परत पाठवलं होतं. मी योजनांचं पाठांतर सोडलं आणि त्यांचंच इन्कमटॅक्स रिटर्न मागितलं. विक्री दाखवली होती नऊ लाख. भिंतीला टेकवलेल्या पत्र्यावर खडूनं लिहिलं: वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के, हा बँकांचा खेळत्या भांडवलाचा जुना हिशोब, रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीपासूनचा. नऊ लाखांचे २० टक्के म्हणजे एक लाख ऐंशी हजार. पुढच्या वर्षी धंदा थोडा वाढेल असं धरलं तरी दोन-सव्वादोन.

“काय सांगलालाव सर! माझी खरी विक्री पस्तीस लाखाच्या खाली न्हाई.”

“मग ती कागदावर कुठाय मामा?”

शेडमध्ये चिडीचूप. पस्तीस दाखवली असती तर सात लाखांपर्यंत बोलता आलं असतं. इन्कमटॅक्सच्या छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या तरतुदीत (तेव्हाचं कलम ४४एडी) विक्रीच्या आठ टक्के, बँकेमार्फत जमा झालेल्या विक्रीवर सहा टक्के नफा दाखवला तरी चालतं, त्यामुळं कर जेवढा वाटतो तेवढा येतही नाही. वाचवलेला कर आणि हुकलेलं कर्ज शेजारी-शेजारी लिहिलं. त्या चौदातले पाच जण पुढच्या दोन-अडीच महिन्यांत ऑफिसला आले. दुसऱ्या दिवशी एकही नव्हता, हे मुद्दाम सांगतो. पहिल्या आठवड्यात फोन वाजला नाही म्हणून मी शिबिरं बंदच करणार होतो.

पुढच्या वेळी मात्र माती खाल्ली. औशाच्या यशाची हवा डोक्यात होती. निलंग्याला एका तरुण मोबाईल दुकानदाराचं बँक स्टेटमेंट त्याच्या परवानगीनं सरळ प्रोजेक्टरवर लावलं. चेक कुठं परत गेले, रोकड कधी भरली, असं दाखवता दाखवता रमीच्या ॲपच्या पाचशे-पाचशेच्या नोंदी खालीखाली सरकत आल्या. दुसऱ्या रांगेत त्याचे काका बसलेले. पोरगं पाणी प्यायला म्हणून गेलं ते परत आलंच नाही. परवानगी घेतली होती, पण काय दिसणार आहे हे ना त्याला माहीत होतं ना मला. आता कागद आदल्या दिवशी बघतो, नाव झाकतो आणि गावातला कागद त्याच गावात उघडत नाही.

वेळेचं म्हणाल तर सोयाबीन बाजारात येतं तेव्हा आमच्याकडं कुणाला बोलवूच नये. आडतीपासून हॉटेलपर्यंत सगळे गुंतलेले असतात. मार्चमध्ये मलाच वेळ नसतो. संक्रांतीनंतरचा महिना आणि जून बरा गेला.

सगळ्यात टोकदार प्रश्न बचत गटाच्या बायकांनी विचारले. पापड-मसाल्याचं काम करणाऱ्या एका ताईंनी सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेच्या ३५ टक्के अनुदानावर लगेच विचारलं, “पण आधी बँक मंजूर करणार का? न्हाईतर पस्तीस टक्के कशाचे?” मंगल कार्यालयातल्या ऐंशी जणांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

खर्चाचा हिशोब: तीन मोठ्या शिबिरांना मिळून तेहतीस हजारांच्या आसपास, गिऱ्हाइकं तीन. आठ छोट्यांना बारा हजार, गिऱ्हाइकं सोळा. त्यातले अकरा जण महिन्याला जीएसटीचंही काम देतात, पोट त्यावर चालतं. कर्जाच्या फायलीची फी एकदाच मिळते आणि तीही मंजुरीनंतर मागावी लागते.

फी कधी सांगायची, हे मात्र अजून जमलेलं नाही. शिबिरात सांगितली तर ‘फुकट म्हणून बोलावलं’ असं होतं. नाही सांगितली तर लोक ऑफिसलाही फुकटच धरून येतात. उद्यम नोंदणीला सरकारची फी नाही हे मीच शिबिरात ओरडून सांगतो आणि मग प्रोजेक्ट रिपोर्टचे पैसे मागताना माझीच जीभ अडखळते. औशाचे वेल्डिंगवाले मामा परवा मेहुण्याला घेऊन आले. जाताना त्यांनीच त्याला दारात सांगितलं, “सर मागत न्हाईत. तू आपलं देत जा.”