हुमायूननामा: घ्यायचा असेल तर परिशिष्टासह घ्या

बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या असलेल्या गुलबदन बेगमेने १५८७च्या सुमारास, अकबराच्या आज्ञेवरून, आपल्या आठवणी फारसीत लिहून काढल्या; तेच हे ‘हुमायूननामा’. ॲनेट बेव्हरिज यांनी १९०२मध्ये केलेला या आठवणींचा इंग्रजी अनुवाद आजही पुनर्मुद्रित होतो आणि त्यातलीच एक स्वस्त प्रत मी ऑनलाइन मागवली. पुस्तक अप्रतिम आहे. माझ्या हाती आलेली प्रत मात्र घेऊ नये अशी आहे.

राजकन्यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या मी वर्षानुवर्षे आवडीने वाचत आले. त्यांत साम्राज्याची लेक बहुधा एकटीच असते आणि भोवतालच्या बायका दासी किंवा वैरिणी एवढ्यापुरत्याच येतात. इथे आत्या, सावत्र आया, दाया, विधवा, चुलत बहिणी असा अख्खा गोतावळा आहे आणि बहुतेक प्रत्येकीला नाव आहे. हुमायूनच्या मेजवानीच्या वर्णनात, अष्टकोनी हौद असलेल्या त्या ‘तिलिस्मी’ (जादुई) महालात, त्याच्या उजव्या हाताला कोण बसल्या आणि डाव्या हाताला कोण, याची यादीच गुलबदन देते. पहिल्या वाचनात मी ती यादी ओलांडून पुढे गेले होते. दुसऱ्यांदा वाचताना उमगले की दरबारातला प्रत्येकीचा मान तिथे नोंदवलेला आहे.

याच बायकांपैकी खानजादा बेगम ही बाबराची थोरली बहीण. १५०१मध्ये समरकंद सोडताना तहाची किंमत म्हणून तिला उझबेक शासक शैबानी खानाला द्यावे लागले आणि तो मारला गेल्यावर, म्हणजे जवळपास दहा वर्षांनी, ती भावाकडे परत आली. कादंबरीकाराने तिची कथा बहुधा इथेच संपवली असती. गुलबदनच्या लेखनात मात्र पुढे हुमायूनचे भाऊ आपसांत भांडू लागल्यावर समेटासाठी कंदाहारला जाते ती हीच वयोवृद्ध आत्या. हमीदाबानूने तर बादशहा हुमायूनच्या लग्नाच्या मागणीला चाळीस दिवस नकार दिला. ज्याच्या गळपट्टीपर्यंत आपला हात पोहोचेल अशाच माणसाशी लग्न करीन, असे तिचे म्हणणे होते. अखेर गुलबदनची आई दिलदार बेगम हिने तिची समजूत घातली. हीच हमीदा पुढे अकबराची आई झाली.

मला सर्वांत जवळचा वाटलेला प्रसंग अगदी लहान आहे. चौसाच्या लढाईत (१५३९) पराभूत होऊन, स्वतःची लहानगी मुलगी अकीका गमावून परतलेला हुमायून गुलबदनला म्हणतो की, तुला आधी ओळखलेच नाही. मोहिमेवर निघालो तेव्हा तुझ्या डोक्यावर उंच टोपी होती, आता मलमलीचे शिरोवस्त्र आहे. मधल्या काळात तिचे लग्न झाले होते, हे त्या शिरोवस्त्रावरूनच कळते. एवढा मोठा पराभव सांगताना तिला टोपी आठवते, आणि त्यामुळेच तिच्या सांगण्यावर माझा विश्वास बसतो.

आता प्रतीविषयी. बेव्हरिज यांनी या बायकांची चरित्रात्मक टिपणे परिशिष्टात दिली आहेत. एकाच नावाच्या दोन-तीन बेगमा असताना त्या टिपणांशिवाय नाती लावणे अशक्य होते. माझ्या प्रतीत हे परिशिष्टच नाही, मूळ फारसी संहिताही नाही. तळटीपांचे आकडे मजकुरात घुसले आहेत आणि स्कॅनिंगमध्ये नावांची अक्षरे इतकी बिघडली आहेत की एकीचेच नाव दोन पानांवर दोन प्रकारे छापले गेले आहे. ज्या पुस्तकाचे मोल नावांत आहे, त्यात नेमकी नावेच खराब व्हावीत, याचे मला फार वाईट वाटले. शेवटी ग्रंथालयातून जुनी आवृत्ती आणून मी हरवलेली नावे पेन्सिलीने समासात लिहून घेतली.

विकत घेताना अनुक्रमणिकेचे छायाचित्र मागवून परिशिष्ट असल्याची खात्री करून घ्यावी. पुस्तक अर्ध्या वाक्यात तुटते, त्याबद्दल मात्र विक्रेत्याकडे तक्रार करू नये: ब्रिटिश लायब्ररीतले मूळ हस्तलिखितच हुमायूनचा भाऊ कामरान याला आंधळे केल्याच्या प्रसंगापाशी थांबते.