टाहोच्या बर्फातलं छप्पर आणि आमचे ६१,५०० डॉलर

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण बाकीचं वाचण्यात ती हरवायला नको. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीचा कॉन्ट्रॅक्टर काम सुरू करण्याआधी करारातल्या रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली जी रक्कम कमी असेल तेवढीच मागू शकतो. मोजके अपवाद सोडले तर हा कायदा आहे. आमच्या छपराच्या कॉन्ट्रॅक्टरने आमच्याकडून २५,००० डॉलर आधी घेतले. पत्र्याची ऑर्डर द्यायची आहे म्हणाला.

सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातली बरीच मराठी मंडळी आता टाहो तळ्याच्या डोंगराळ, बर्फाळ भागात घरं घेत आहेत, म्हणून हे लिहिते आहे. आमचं घर उत्तर टाहोला आहे, १९७० च्या दशकातलं, लाकडी. २०२२-२३ च्या हिवाळ्यात डोनर पासजवळच्या बर्फ-प्रयोगशाळेने ७५४ इंच बर्फ नोंदवला. तिथल्या १९४६ पासूनच्या नोंदींत त्याहून जास्त बर्फ फक्त १९५१-५२ साली पडला होता, ८१२ इंच. त्या हिवाळ्यात आमच्या दिवाणखान्याच्या छतातून पाणी गळायला लागलं. घरातली ऊब माळ्यात शिरते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी वळचणीपर्यंत येऊन थंडीने पुन्हा गोठतं आणि तिथे बर्फाचा बांध तयार होतो. मागचं पाणी मग शिंगलच्या, म्हणजे छपरावरच्या पातळ फरशांच्या खालून घरात येतं. यावर इलाज ठरलेला आहे. माळ्याच्या फटी बंद करून नीट इन्सुलेशन घालायचं, हवा खेळती ठेवायची आणि वळचणीला चिकटणारं जलरोधक मेंब्रेन टाकून वर पत्रा बसवायचा. हे सगळं आम्ही वाचलं होतं. आम्ही अडाणी नव्हतो, हे मुद्दाम सांगते, कारण फसलेल्या माणसाला लोक आधी तेच ऐकवतात.

या कॉन्ट्रॅक्टरचा नंबर मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेल्या एका कुटुंबाने दिला. त्यांचं डेकचं, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याचं काम त्याने खरोखरच चांगलं केलं होतं, त्यांना मी दोष देत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये करार झाला तो ८४,६०० डॉलरचा. जुनं छप्पर काढणं, मेंब्रेन, पत्रा, माळ्याचं इन्सुलेशन आणि मागचा डेक, असं सगळं त्यात होतं. लायसन्स नंबर मी स्वतः राज्याच्या साइटवर तपासला. चालू होता, बाँडही (ग्राहकाच्या नुकसानभरपाईसाठीची हमी) होता. फर्मचं नाव एका शब्दाने वेगळं होतं. "ती माझ्या पार्टनरची फर्म," तो म्हणाला. त्याच पानावर लिहिलं होतं की या लायसन्सखाली एकही कामगार नाही, म्हणून कामगार विमा लागू नाही. आणि छपरावर पाच माणसं चढलेली! नुसता नंबर चालू आहे एवढं बघून थांबू नका. त्या पानावरचं नाव, पत्ता आणि फोन समोरच्या माणसाशी जुळतो का, ते बघा. जुळत नसेल तर त्या पानावरच्या फोनवर स्वतः फोन लावा.

आता तो क्षण. तो आठवला की आजही रात्री झोप उडते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने सह्यांसाठी कागद पाठवले, फोनवरच सही करायचे. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. त्यात परमिटचा अर्ज होता आणि त्यावर माझं नाव 'ओनर-बिल्डर' म्हणून होतं. मी लगेच विचारलं, "परमिट तुम्ही काढायचं ना? मग माझं नाव का?" तो हसून म्हणाला, "मॅडम, घर तुमचं आहे, नाव तुमचंच लागणार. मी काढलं तर सहा आठवडे जातील आणि १५ ऑक्टोबरला टाहोत काम बंद होतं." पुण्यात माझ्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा महापालिकेची परवानगी वडिलांच्याच नावावर निघाली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मला ते अगदी साहजिक वाटलं. १५ ऑक्टोबरचं नावही मी ऐकलेलं होतं, आणि ती तारीख खरीच आहे. पण ती माती उकरण्यासाठी आहे! तळ्यात गाळ जाऊ नये म्हणून टाहोच्या खोऱ्यात १५ ऑक्टोबर ते १ मे खोदकामाला मनाई असते. छपरावर पत्रा ठोकायला त्या नियमाची काही आडकाठी नाही. अर्ध्या खऱ्या गोष्टीवर त्याने माझी सही काढून घेतली. त्या अर्जात स्पष्ट लिहिलेलं असतं की ओनर-बिल्डर म्हणजे कामाची सगळी जबाबदारी मालकाची, तिथे कोणाला इजा झाली तरीही. फोनच्या स्क्रीनवर, बारीक अक्षरात, सात पानांच्या आत.

लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला परमिट काढायला सांगत असेल, तर त्याला तिथेच रामराम करा. दुसरा प्रश्नही विचारू नका.

मग २२,५०० डॉलर गेले, 'छप्पर अर्धं झालं' म्हणून. दर आठवड्याला फोटो यायचे, चकचकीत पत्र्याचे. ते सगळे रस्त्याच्या बाजूचे होते. आम्ही राहतो त्या फ्रीमाँटहून चार तास गाडी हाकून दर शनिवारी कोण जाणार? दोघांच्या नोकऱ्या, मुलगा दहावीत. शेवटचे १४,००० ऑक्टोबरअखेर गेले. एकूण ६१,५००. नोव्हेंबरमध्ये फोन बंद.

आम्ही जाऊन पाहिलं तर उत्तरेकडच्या उतारावर पत्राच नव्हता. जिथे ऊन पोचत नाही आणि बर्फ सगळ्यात जास्त टिकतो, नेमकी तीच बाजू उघडी होती. वळचणीला मेंब्रेनऐवजी साधा फेल्ट कागद आणि माळ्यात जुनंच इन्सुलेशन. ताडपत्री बांधायला दुसरा माणूस मिळेपर्यंत बर्फ सुरू झाला. मार्च २०२४ च्या सुरुवातीच्या हिमवादळात टाहोकडे जाणारा आय-८० महामार्ग बंद पडला, आम्ही इकडे अडकलो आणि तिकडे ताडपत्री फाटली. दिवाणखान्याचं छत खाली आलं.

एवढ्यावर भागलं नाही. पत्रा पुरवणाऱ्या दुकानाने घरावर लीन, म्हणजे थकलेल्या पैशांसाठी घरावरचा कायदेशीर बोजा टाकला, १८,७४० डॉलरचा. आम्ही दिलेल्या पैशांतून कॉन्ट्रॅक्टरने त्यांना छदामही दिला नव्हता. पुरवठादाराची आगाऊ नोटीस ऑगस्टमध्येच टपालाने आली होती. ती सगळ्यांनाच येते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण ती आली की पुढचा प्रत्येक चेक कॉन्ट्रॅक्टर आणि पुरवठादार अशा दोघांच्या नावाने लिहायचा आणि पुरवठादाराकडून पैसे मिळाल्याचा लीन-रिलीज हातात घ्यायचा. हे मला कोणी सांगितलं? लीन लागल्यानंतर एका वकिलाने, ४०० डॉलर घेऊन.

आता सरकारी कार्यालयांबद्दल. पोलिसांकडे गेलो. "हा दिवाणी मामला आहे," असं सांगून पाच मिनिटांत वाटेला लावलं. चोर पैसे घेऊन पळाला आणि हा दिवाणी मामला! लायसन्सच्या खात्याकडे तक्रार केली. करार, चेकच्या प्रती, फोटो, मेसेज, सगळं जोडलं. कित्येक महिने काही नाही. मग पत्र आलं की मूळ लायसन्सधारक म्हणतो, माझा नंबर न विचारता वापरला. बाँड २५,००० चा असतो, त्या कंपनीनेही तेच कारण देऊन हात वर केले. सरकारी वकिलांच्या कार्यालयातून एक फॉर्म आला, तो भरून पाठवला आणि तो तिथेच जिरला. बँकेने सांगितलं की चेकवर सही तुमचीच आहे. विमा कंपनीने सांगितलं की सदोष काम विम्यात बसत नाही.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे परमिट देणाऱ्या खात्याने नोटीस पाठवली ती मला. तपासणी न करता काम झाकलं, म्हणून काम थांबवण्याचा आदेश, माझ्या नावाने! मी त्या खिडकीवर उभी राहून सांगत होते की माझी फसवणूक झाली आहे, आणि समोरची बाई स्क्रीनकडे बघून म्हणत होती की रेकॉर्डप्रमाणे बिल्डर तुम्हीच आहात. त्यांच्याच अर्जावर त्या माणसाचा ईमेल होता. परमिट मागणारा ईमेल एकाचा आणि सही दुसऱ्याची, हे तिथे कोणाच्याच डोळ्यांत खुपलं नाही? असे अर्ज त्यांच्याकडे रोज येत असणार. घरमालकाला एक फोन करायला किती वेळ लागतो? सगळे कायदे आमच्या बाजूचे आहेत असं प्रत्येक खिडकीवर ऐकवलं जातं. लायसन्स नसलेल्याला दिलेला पै न पै कोर्टातून परत मागता येतो, हा कायदाही आहे. पण स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, मर्यादा १२,५०० ची, आणि मोठ्या कोर्टासाठी वकिलाने आधी ७,५०० मागितले. निकाल लागला तरी वसूल कोणाकडून करायचं? त्या माणसाचा ठावठिकाणा शोधणं हे कोणाचंच काम नाही.

लीनचे पैसे आम्ही भरले, घर वाचवायला दुसरा मार्ग नव्हता. २०२४ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या कंपनीने ३८,९०० डॉलरमध्ये वळचण उघडून मेंब्रेन घातलं, उत्तरेचा पत्रा बसवला, माळा नीट केला. परमिट त्यांच्या नावावर, आगाऊ रक्कम १,०००. पत्रा बसवण्याआधी त्यांनी वळचणीच्या प्रत्येक फुटाचा फोटो पाठवला. तुम्हीही मागा. झाकलेल्या कामाचा फोटो नसेल तर पुढचा हप्ता देऊ नका.

डेक अजून झालेला नाही. लायसन्स खात्यातली तक्रार अजून उघडी आहे, आणि दुसऱ्याचा नंबर वापरून असंच ओनर-बिल्डरचं परमिट काढायला लावल्याचा अनुभव टाहोत आणखी कोणाला आला असेल, तर मला कळवा. करार आणि चेकच्या प्रती जपून ठेवा, व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका. एकट्याची तक्रार दिवाणी म्हणून परत येते. चार घरांची एकदम गेली, तर ती त्यांना फौजदारी म्हणून बघावी लागेल.