दहा हजार पीपीएमची निंबोळी बाटली: कुंड्यांसाठी घ्यावी का?

कोल्हापुरातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात निंबोळीचं औषध मागा, ३००, १५०० नाहीतर १०,००० पीपीएमची बाटली पुढ्यात येते. हा आकडा अझाडिरॅक्टिनचा, म्हणजे निंबोळीतला कीड रोखणारा घटक दहा लाख भागांत किती, त्याचा. स्वस्त म्हणून ३०० ची घेतली तर लिटरभर पाण्याला ५ ते १० मिली लागतं. १०,००० चं २ मिली पुरतं. हिशेब केला तर महागडी बाटलीही परवडू शकते. मात्र १०० मिलीपेक्षा मोठी घेऊ नका, कारण ठेवून ठेवून तिचा जोर उतरतो. उत्पादनाची तारीख बघा, आणि दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली तर नकोच.

माल बरा आहे का, ते घरी लगेच कळतं. पेलाभर पाण्यात चार थेंब टाका. पाणी दुधासारखं झालं तर ठीक. वर तेलाचे डोळे तरंगले तर तो माल परत करा. असं न मिसळलेलं तेल पानावर एकाच जागी साचतं आणि पान भाजतं.

मावा आणि पांढऱ्या माशीवर काम उत्तम, पण फवारल्या फवारल्या कीड मरेल ही अपेक्षा चुकीची. ती खाणं सोडते, पिल्लांना कात टाकता येत नाही. फरक दिसायला तीन-चार दिवस जातात. सात दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या, पानाच्या खालच्या बाजूने, ऊन उतरल्यावर. उन्हात अझाडिरॅक्टिन टिकत नाही. कालवलेलं पाणी त्याच दिवशी संपवा.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला मात्र एकट्या बाटलीने भागत नाही. अंगावरच्या मेणामुळे औषध आत पोचत नाही. भरलेले शेंडे कापा, पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवा, मगच फवारा. मुंग्यांचाही बंदोबस्त करा, चिकट गोडव्यासाठी त्याच ढेकणांची राखण करतात.

जुलै-ऑगस्टच्या आपल्या संततधारेत ही बाटली कपाटातच राहू द्या. धुऊन जाणारं औषध मारून काय उपयोग? त्या दिवसांत, पावसाने जरा उघडीप दिली की, व्हर्टिसिलियम लेकॅनी (किडीला मारणारी बुरशी) लिटरला ५ ग्रॅम जास्त भावतं, कारण त्या बुरशीला दमटपणाच लागतो. तिच्या आगेमागे बुरशीनाशक मारलं की सगळं मुसळ केरात.

कुंडीत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, निघाली तर उसाला वापरतात तेच मेटारायझियम (हीही कीड मारणारी बुरशीच) मातीत घाला, या बाटलीवर विसंबू नका. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, एकदा पसरली की निंबोळी कमीच पडते. तिथे पाण्यात मिसळणारी गंधकाची पावडर लिटरला २ ग्रॅम घ्या, पण तेलाची फवारणी होऊन दोन आठवडे उलटल्याशिवाय नको, आणि कडक उन्हात तर नकोच. लव्हाळा या तणाशी या बाटलीचा काही संबंध नाही. तो गाठीसकट उपटायचा आणि वर उसाचं पाचट अंथरायचं.

पाचपैकी चार गुण. कापलेला एक पिठ्या ढेकणाचा.