अमेरिका, जपान की मेक्सिको? कुणाची कुस्ती पाहायची ते ठरवताना

लहानपणी केबलवर अंडरटेकर आणि रॉक पाहिलेले असतात. मल्लांच्या पत्त्यांची ती गड्डी आठवत असते: उंची, वजन, छाती, दंड, जिंकलेल्या कुस्त्या, रँक. मधली वीस वर्षं शिक्षणात, नोकरीत जातात आणि एक दिवस पुन्हा पाहावंसं वाटतं. अशी माणसं मला विचारतात, सुरुवात कुठून करू? अमेरिका, जपान की मेक्सिको? प्रश्न रास्त आहे. तिन्ही एकदम धरायला गेलं की महिन्याभरात तिन्ही सुटतात, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय.

आधी एक शंका मिटवू. ठरवून केलेल्या कुस्तीला आपण नुरा कुस्ती म्हणतो आणि तो शब्द शिवीसारखा वापरतो. तालमीच्या मैदानात तो राग बरोबर आहे, कारण तिथं निकाल खरा असेल असा शब्द प्रेक्षकाला दिलेला असतो. व्यावसायिक कुस्तीत तो शब्द कुणी दिलेलाच नसतो. निकाल ठरलेला असतो, पण पडणं खरं असतं. रिंगच्या कापडाखाली लाकडी फळ्या आणि वर पातळसं फोम, एवढ्यावर ही माणसं आठवड्यातून अनेकदा पाठीवर आपटतात. म्हणून कोण जिंकलं हा इथला मुख्य प्रश्न नाही. या माणसाने पणाला काय लावलंय, हे पाहायचं. या प्रश्नाला तिन्ही देशांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत आणि तुमची निवड त्यावरच ठरावी असं मला वाटतं.

अमेरिकेत पणाला लागतं ते पात्र. याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे २३ मार्च १९९७ रोजी डब्ल्यूडब्ल्यूई (तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ) या कंपनीच्या वार्षिक महासोहळ्यात, रेसलमेनिया १३ मध्ये, शिकागोजवळ, ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची झालेली कुस्ती. सबमिशन मॅच होती, म्हणजे समोरच्याने हार कबूल केली तरच निकाल. पंच म्हणून केन शॅमरॉक. हार्ट तोवर सज्जन, ऑस्टिन खलनायक. दोघं प्रेक्षकांत शिरून मारामारी करतात, पुन्हा रिंगमध्ये येतात, हार्ट ऑस्टिनच्या गुडघ्यामागे लागतो, ऑस्टिनचं कपाळ फुटतं. ऑस्टिन वायरीने हार्टचा गळा आवळतो, तर हार्ट हाताला लागलेली घंटाच त्याला हाणतो. मग हार्ट त्याला शार्पशूटरमध्ये अडकवतो, म्हणजे पालथं पाडून, पायांना पीळ देऊन पाठ मागे वाकवणाऱ्या पकडीत. ऑस्टिनचे दात रक्ताने माखलेत, तोंड वासलेलं आहे, आणि एका क्षणी तो दोन्ही हातांवर उठून पकड जवळजवळ मोडतो. मोडत नाही. हार मात्र तो कबूल करत नाही, तसाच बेशुद्ध होतो.

पुढची दोन मिनिटं फार महत्त्वाची आहेत. हार्ट बेशुद्ध माणसाला मारत राहतो, शॅमरॉक त्याला ओढून बाजूला करतो आणि आव्हान देतो, तेव्हा हार्ट पाय काढता घेतो. लोक त्याच्या नावाने ओरडतात. ऑस्टिन मात्र कुणाचीही मदत झिडकारून लंगडत आत जातो आणि त्याच लोकांच्या टाळ्या घेतो. वीस-बावीस मिनिटांत नायक खलनायक झाला आणि खलनायक नायक, तेही कुणी माइकवर एक वाक्य न बोलता. अमेरिकन कुस्ती जेव्हा जमते तेव्हा ती अशी जमते. एरवी तिथं बोलणं फार. डब्ल्यूडब्ल्यूईच्या रॉ या आठवडी कार्यक्रमात माइकवरच्या बोलाचालीत बराच वेळ जातो, आणि मागचे चार महिने पाहिले नसतील तर कोण कुणावर का चिडलंय हेच कळत नाही.

जपानमध्ये पणाला लागतं शरीर. १९७२ मध्ये अँटोनियो इनोकी या मल्लाने न्यू जपान ही कंपनी काढली, त्याच वर्षी जायंट बाबा या मल्लाने ऑल जपान. तिथली परंपरा असं मानते की लढत अटीतटीच्या खेळासारखी दिसली पाहिजे. पहिली दहा मिनिटं मनगट, मान, पाय यांच्या पकडी चालतात. घाईने पाहणाऱ्याला वाटतं काहीच घडत नाहीये. निवेदक दर पाच मिनिटांनी सांगतो: पाच मिनिटं झाली, दहा मिनिटं झाली. त्या आवाजाने मॅचचा ताण कसा चढत जातो ते एकदा अनुभवाच. रिंगबाहेर गेलेल्याला परतायला वीस आकडे मिळतात, अमेरिकेत दहाच. हा फरक छोटा वाटतो, पण त्यामुळे बाहेर पडलेला माणूस खरंच उठेल का, हा प्रश्न दुप्पट वेळ ताणला जातो.

इथं एकच मॅच सांगून भागत नाही, चार सांगाव्या लागतात, कारण त्या मिळून एकच गोष्ट आहे. काझुचिका ओकादा आणि कॅनडाचा केनी ओमेगा. ४ जानेवारी २०१७, टोकियो डोम: ओकादा ४६ मिनिटं ४५ सेकंदांत जिंकला. त्याचा शेवटचा डाव म्हणजे रेनमेकर. मनगट धरून समोरच्याला गर्रकन बाहेर फिरवायचं, मनगट न सोडता परत ओढायचं आणि येताना दंड गळ्यावर घालायचा. ओमेगाचा डाव वन विंग्ड एंजल, म्हणजे समोरच्याला खांद्यांवर घेऊन डोक्यावर आपटायचं. गंमत अशी की पहिल्या लढतीत ओमेगाला तो एकदाही मारता आला नाही. ओकादा दर वेळी खांद्यावरून निसटतो. जूनमध्ये ओसाकात पूर्ण साठ मिनिटं झाली, बरोबरी. तिथं तो डाव लागला, पण ओकादाचा पाय दोरीपर्यंत पोचला. ऑगस्टमध्ये, तीस मिनिटांची मर्यादा असलेल्या स्पर्धेत, २४ मिनिटं ४० सेकंदांनी तो डाव निर्विवाद बसला आणि ओमेगा जिंकला. मग ९ जून २०१८, तीनपैकी दोन पाडाव, ६४ मिनिटं ५० सेकंद, आणि ओकादाचा ७२० दिवसांचा किताब गेला. चारही मिळून सव्वातीन तास होतात. कुस्ती खेळलेल्या किंवा तालमीत बसलेल्या माणसाला मी डोळे झाकून हे सांगतो. डाव आणि त्याची तोड हे नातं त्याला आधीच ठाऊक असतं, भाषा न कळता तो सगळं वाचू शकतो.

जपानबद्दल मनात एक खंतही आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. १९९० च्या दशकात ऑल जपानमध्ये मित्सुहारू मिसावा आणि तोशिआकी कावादा यांनी डोक्यावर, मानेवर आपटण्याची जी चढाओढ लावली, तिचं शिखर म्हणजे ३ जून १९९४ ची निप्पॉन बुडोकानमधली लढत. अप्रतिम आहे. पण १३ जून २००९ रोजी हिरोशिमात मिसावा एका साध्या बॅक सप्लेक्सनंतर, म्हणजे मागून कमरेला धरून पाठीवर आपटण्याच्या डावानंतर, उठलेच नाहीत. वय ४६. ते कळल्यावर १९९४ ची लढत मी पूर्वीसारखी पाहू शकत नाही. ज्याचं मन अशा गोष्टीने हलतं त्याने जपानची सुरुवात ओकादापासून करावी, मिसावांपासून नको.

मेक्सिकोत पणाला लागतो चेहरा. तिथली मोठी कंपनी सीएमएलएल १९३३ सालची, आणि तिचं घर म्हणजे १९५६ पासूनचं अरेना मेक्सिको. लुचा लिब्रेत, म्हणजे मेक्सिकोच्या या कुस्तीत, सज्जनाला तेक्निको म्हणतात, दांडगटाला रुदो. नियम आपल्या डोळ्यांना वेगळे वाटतात. बहुतेक कुस्त्या तीनपैकी दोन पाडावांच्या, तिघं विरुद्ध तिघं हा नेहमीचा प्रकार, आणि जोडीदाराच्या हाताला हात लावून आत यायची गरज नाही. एक रिंगबाहेर पडला की दुसरा थेट आत. समोरच्याचा मुखवटा ओढून काढला तर बाद. डोकं मांड्यांत धरून खाली आपटण्याच्या डावाला तिथं मार्तिनेते म्हणतात, तो मारला तरी बाद.

मुखवटा तिथं पोशाखाचा भाग राहत नाही, तो नावच होतो. चंदेरी मुखवट्याचे नामवंत मल्ल एल सांतो १९८४ मध्ये गेले तेव्हा त्यांना त्या मुखवट्यासह पुरलं. म्हणूनच मुखवट्यावर मुखवटा लावलेली पैज ही तिथली सगळ्यांत मोठी कुस्ती. १७ मार्च २००० रोजी अरेना मेक्सिकोत अत्लांतिस आणि वियानो तिसरा समोरासमोर आले. वियानो हा रे मेंदोसा या नामवंत मल्लाचा मुलगा, जवळपास तीस वर्षं मुखवट्यात वावरलेला रुदो. शेवटी अत्लांतिसने त्याला आडवं खांद्यांवर घेऊन पाठ वाकवली आणि वियानोने हार मानली. त्यानंतर जे होतं ते इतर कुठल्याही देशात होत नाही. डोक्यामागच्या नाडीची गाठ सुटते, कापड वर सरकतं, आणि तीस वर्षं लोकांनी शिव्या दिलेल्या माणसाचा घामाघूम, वयस्क चेहरा पहिल्यांदा उजेडात येतो. रिवाजाप्रमाणे तो आपलं खरं नाव सांगतो: आर्तुरो दियास मेंदोसा. जन्मभर त्याला हिणवलेलं सभागृह त्याच्यासाठी उभं राहतं.

तारे देऊन मॅच मोजण्याची पद्धत अमेरिकन पत्रकार डेव्ह मेल्त्झर यांनी लोकप्रिय केली. पाचाची पट्टी ओलांडून त्यांनी ओकादा-ओमेगाला सहा आणि पुढे सात दिले. हे तारे जपानी लढतीला सरळ मोजतात, कारण तिथं सगळं घंटा ते घंटा घडतं. हार्ट-ऑस्टिनचा अर्धा जीव घंटेनंतर आहे आणि वियानोचा तर सगळाच. तारे पाहून यादी केलीत तर मेक्सिको तुमच्याकडून सुटेल. मेल्त्झर यांच्याच पत्रिकेच्या वाचकांनी मात्र २००० सालची सर्वोत्तम लढत म्हणून अत्लांतिस-वियानोला निवडलं, ते मला फार योग्य वाटतं.

आता व्यवहाराचं. डब्ल्यूडब्ल्यूई भारतात एप्रिल २०२५ पासून नेटफ्लिक्सवर आहे, रॉ आपल्याकडे मंगळवारी भल्या पहाटे येतो, म्हणजे नोकरदाराला रात्रीच्या जेवणानंतरच पाहायला मिळतो. न्यू जपानची स्वतःची वर्गणीची सेवा आहे. टोकियोत संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारा कार्यक्रम आपल्याकडे दुपारी तीनला, रविवार असेल तर याहून सोयीचं काही नाही. अरेना मेक्सिकोची शुक्रवार रात्र आपली शनिवार सकाळ असते. निवेदन कळलंच पाहिजे असा आग्रह असेल तर अमेरिका. घरात लहान मुलं सोबत बसणार असतील तर मेक्सिकोच्या तिघा-तिघांच्या कुस्त्या: रंग, उड्या, मुखवटे, आणि वाईट कोण हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. पैजेच्या लढती मात्र मुलांसोबत नकोत, रक्त निघतं. अमेरिकेतही १९९७ च्या मॅच पोरं झोपल्यावर पाहा; २००८ नंतरचं डब्ल्यूडब्ल्यूई त्या मानाने सौम्य आहे.

ब्रिटनबद्दल थोडक्यात. फेऱ्या-फेऱ्यांची, पकडींची तिथली जुनी शैली सुंदर होती, आयटीव्हीवर शनिवारी दुपारी लागायची, १९८८ मध्ये बंद झाली. सुरुवात तिथून करू नका, नंतर जरूर वळा. आपल्याकडेही पुण्यात बालेवाडीला एका अमेरिकन कंपनीने ‘रिंग का किंग’ चित्रित केलं होतं, २०१२ मध्ये कलर्सवर लागलं. एका पर्वात संपलं. साचा अमेरिकेचा आणला, आपल्या मातीतल्या डावांना त्यात जागा मिळाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

ज्यांना एकदम परकं काही नको, त्यांच्यासाठी मधला पूल आहे. ‘सहा एक नऊ’ मारणारा रे मिस्टेरिओ तुम्हाला ठाऊकच आहे. २६ ऑक्टोबर १९९७ रोजी लास व्हेगसमध्ये तो एडी गरेरोशी लढला. मिस्टेरिओने मुखवटा लावला, गरेरोने किताब. रिंग अमेरिकेची, निवेदन इंग्रजीत, जीव पूर्ण मेक्सिकोचा. त्याच मिस्टेरिओचा मुखवटा १९९९ मध्ये अमेरिकेतच उतरवला गेला आणि २००२ मध्ये त्याने तो पुन्हा चढवला. किताब गेला तर परत मिळतो, मार खाल्लेलं अंग बहुतेकदा भरून येतं. गेलेला मुखवटा मेक्सिकोच्या रिवाजात परत येत नाही, मिस्टेरिओ हा त्याला अपवाद. म्हणून मला तिघांत मेक्सिको सगळ्यांत जवळची. पण तुमची सुरुवात तिथून व्हावी असं माझं म्हणणं नाही. गोष्टीवेड्याने हार्ट-ऑस्टिन घ्यावी, तालमीतल्या माणसाने ओकादा-ओमेगाची पहिली, आणि लहानपणीच्या गड्डीत ज्याचा आवडता पत्ता मुखवट्याचा होता त्याने लास व्हेगसची मॅच घेऊन तिथून थेट अरेना मेक्सिको गाठावं.

वियानोची लढत लावाल तेव्हा घंटा वाजल्यावर बंद करू नका. नाडीची गाठ त्यानंतर सुटते.